विजोड व्याही आणि तोलामोलाचा देखावा

विनोदी चित्रपटासारख्या विषयाला अग्रलेखाच्या पानावर जागा द्यावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. करमणुकीच्या पुरवण्या त्यासाठीच तर असतात. परंतु एकच विनोदी कथा एकवीस वर्षांत पाच भाषांतून पडद्यावर येते आणि भाषा बदलली तरी प्रेक्षक त्याच त्या जागी हसतात, तेव्हा त्या हसण्यामागे समाजव्यवस्थेचे काही तरी गुपित दडलेले असले पाहिजे. ते शोधणे हे केवळ चित्रपट-समीक्षकांचे काम नव्हे.

कथा वाचकांच्या परिचयाची आहे. १९६४ साली सी. व्ही. श्रीधर यांनी 'कादलिक्क नेरमिल्लै' हा तामिळ चित्रपट काढला. दुसऱ्याच वर्षी तो तेलुगूत 'प्रेमिंची चूडु' या नावाने आला. १९६६ साली खुद्द श्रीधर यांनीच तो हिंदीत 'प्यार किये जा' म्हणून केला. १९७९ साली कन्नडमध्ये 'प्रीती माडु तमाषे नोडु' आला, आणि १९८५ साली महेश कोठारे यांनी मराठीत 'धुमधडाका' काढला. एका श्रीमंत गृहस्थाला मुली आहेत. त्यांची लग्ने बड्या घरांतच व्हावीत असा त्याचा हट्ट आहे. एका मुलीचे मन गरीब तरुणावर जडते. तरुणापाशी धनाढ्य बाप नाही, म्हणून त्याचा जिवलग मित्रच दाढीमिशा लावून धनाढ्य बाप बनतो आणि व्याही म्हणून घरात येऊन बसतो. हिंदीत ओमप्रकाश आणि किशोरकुमार, मराठीत शरद तळवलकर आणि अशोक सराफ, अशी ही व्याह्यांची जोडी. तो खोटा व्याही, त्याचे ते अडखळत, खाकरत बोलणे आणि त्याच्या श्रीमंतीने दिपून गेलेला मुलींचा बाप यांचा मराठी प्रेक्षकांना चार दशकांनंतरही विसर पडलेला नाही.

या कथेतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलीचा बाप जावयाची परीक्षा घेतच नाही. तो व्याह्याची परीक्षा घेतो. मुलगा तोच असतो. काल तो नालायक होता आणि आज तो सुयोग्य ठरतो, कारण मधल्या काळात त्याला एक बाप लाभलेला असतो. मुलाचे शिक्षण, त्याचा स्वभाव, त्याची कमावण्याची धमक यांत तसूभरही फरक पडलेला नाही. आपण हसतो ते वेषांतराला. वस्तुतः हसण्याजोगी बाब ही आहे की, ते वेषांतर पुरेसे ठरते.

अर्थशास्त्रात याचे स्पष्टीकरण आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसतात, तेव्हा सारा व्यवहारच संशयाने ग्रासला जातो. १९७३ साली मायकेल स्पेन्स यांनी त्यात पुढची भर घातली. वस्तूचा अंदाज येईना, की माणूस तिच्या खुणा शोधू लागतो. आणि खूण विश्वासार्ह ठरायची असेल, तर ती खोट्या माणसाला सहज परवडता कामा नये. या विचाराबद्दल दोघांनाही, जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह, २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडचे विवाह हे या सिद्धान्ताचे ठळक उदाहरण होय. पंचवीस वर्षांचा मुलगा पन्नासाव्या वर्षी काय असेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून त्याच्या बापाकडे पाहायचे. बाप ही खूण. आणि ही खूण किती स्वस्तात बनवता येते, तेच 'धुमधडाका'तला खोटा व्याही आपल्याला दाखवतो.

बापाकडे पाहण्याची ही रीत निव्वळ मूर्खपणाची होती, असे मात्र म्हणता येणार नाही. गिरगावातील फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी या वाड्यांनी फळझाडांची नावे धारण केली. झाडे गेली, चाळी उभ्या राहिल्या. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाण्याची तरतूदही त्यात होती. परिणाम असा झाला की, मुंबईतल्या मध्यमवर्गीय मुलाची सर्वांत मोठी मालमत्ता त्याच्या पगारात नव्हती, ती बापाच्या नावावरच्या खोलीत होती. नवी जागा घ्यायची तर पागडी हवी आणि पागडी कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या आवाक्याबाहेरची. म्हणून मुलगी पाहायला किंवा दाखवायला जाणारे वडीलधारे 'वडील काय करतात?' असे विचारीत, तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ 'आमची मुलगी राहणार कुठे?' असा असे. फणसवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतला बाप हा प्रत्यक्षात मुलाच्या संसाराचा जामीनदार होता. जामीनदाराची चौकशी करणे यात गैर काय?

'धुमधडाका' आला तेव्हा हे जामीनदारही डळमळू लागले होते. गिरणगावात १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने कधीच चालल्या नाहीत. लालबाग-परळमध्ये 'मुलाचे वडील गिरणीत कायम आहेत' हे वाक्य एके काळी सोयरीक जुळवायला पुरेसे असे. त्या वाक्याचे वजन दोन-तीन वर्षांत उतरले. कायमची नोकरी ही खूण हरवली, तेव्हा दुसऱ्या खुणांचा शोध सुरू झाला. अशा काळात खोट्या श्रीमंतीचा फुगा फुगवणारा चित्रपट मुंबईकर प्रेक्षकाला जवळचा वाटला, तर त्यात नवल नाही. त्यात घरातल्या मुलाची भूमिका करून घराघरांत पोहोचलेले लक्ष्मीकांत बेर्डे हे तर गिरगावातलेच. केळेवाडीतल्या मुंबई मराठी साहित्य संघात त्यांनी नोकरी केली होती. परक्या भूमीतली कथा आपल्या मातीत रुजवण्याची विद्या या परिसराला नवी नव्हती. देवलांचे 'संशयकल्लोळ' आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आले आणि मर्फीने मोलिएरकडून उचल घेतली होती; अत्र्यांची 'मोरूची मावशी' ब्रँडन थॉमस यांच्या नाटकावरून आली. फणसवाडीत तर व्यंकटेशाची पूजाही दाक्षिणात्य परंपरेने होते. तेव्हा तामिळ व्याही मराठी बोलू लागला याचे या वाडीला अप्रूप वाटण्याचे कारण नव्हते.

व्याह्यांच्या विजोडपणाला हसणे ही केवळ आपलीच सवय आहे, असेही नाही. इंग्रजीत 'व्याही' या नात्याला एक स्वतंत्र शब्द नाही, तरी अमेरिकेत १९७९ साली आर्थर हिलर यांनी 'द इन-लॉज' हा चित्रपट काढला आणि २००३ साली त्याची नवी आवृत्तीही निघाली. मूळ चित्रपटात मुलीचा बाप सरळमार्गी दंतवैद्य आणि मुलाचा बाप हेरखात्याचा माणूस. दोघांच्या जोडीने जो गोंधळ माजतो, तोच विनोद. तिथेही 'व्याही काय करतात?' हाच प्रश्न आहे. फरक एवढाच की, तिथे व्याह्याचा धंदा गूढ निघाला तरी मुलांचे लग्न त्यावर अडत नाही. व्याह्याचा विजोडपणा तिथे दोन बापांची अडचण असते. आपल्याकडे तीच अडचण मुलामुलीच्या आयुष्याची अट होऊन बसते.

येथे मुख्य मुद्द्याकडे वळले पाहिजे. सोयरीक तोलामोलाची हवी, व्याही आपल्यासारखाच हवा, हे आपण जणू निसर्गनियम म्हणून स्वीकारले आहे. परंतु सोयरिकीचा जुना आर्थिक उपयोग पाहिला, तर नेमके उलट दिसते. मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेने कोरडवाहू गावांतील कुटुंबांची जी वर्षानुवर्षे पाहणी केली, तिच्या आधारे तो लिहिलेला होता. या पाहणीच्या गावांत सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतील गावेही होती. निष्कर्ष असा की, ज्या शेतकऱ्यांचे उत्पन्न अधिक बेभरवशाचे, ते मुलींना अधिक दूरच्या गावी देतात. पाऊस सर्वत्र एकाच वेळी दगा देत नाही. एका गावी दुष्काळ पडला, तर दुसऱ्या पर्जन्यछायेतला सोयरा धान्य धाडतो. बँक नाही, विमा नाही, तेव्हा व्याही हाच विमा. आणि विमा उपयोगी पडतो तो दोघांची संकटे एकाच दिवशी येत नाहीत म्हणून. सर्वस्वी आपल्यासारखा व्याही संकटकाळी सर्वस्वी आपल्याइतकाच हतबल असतो.

शहरातल्या पगारदारालाही हे तर्कशास्त्र लागू पडते. दोन्ही घरे एकाच गिरणीवर अवलंबून असली, तर संपाच्या काळात दोन्हीकडे चूल विझते. एका घरी शिक्षकाचा पगार, दुसऱ्या घरी दुकान. एकाकडे कोकणातली जमीन, दुसऱ्याकडे शहरातली खोली. एकाकडे पुस्तके, दुसऱ्याकडे व्यवहारज्ञान, अशी सोयरीक खऱ्या अर्थाने बळकट. विजोडपणा हा सोयरिकीतला दोष नाही, ती तिची पुंजी आहे. हे आपल्या आजोबा-पणजोबांना कळत होते, आणि आपण मात्र विजोड व्याह्यांना हसतो.

मग तोलामोलाचा आग्रह इतका चिवट का? कारण त्या आग्रहामागे धनाहून जुनी गोष्ट आहे, ती म्हणजे जात. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगाली वृत्तपत्रातील विवाहविषयक जाहिरातींचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. जातीबाहेरचा जावई टाळण्यासाठी वधूपक्ष अशिक्षित आणि पदव्युत्तर शिकलेला यांच्यातला फरकही सोडून द्यायला तयार असतो, इतकी ही ओढ प्रबळ असल्याचे त्यांना दिसले. त्याहून विचार करायला लावणारा त्यांचा दुसरा निष्कर्ष आहे. ही ओढ जपण्यासाठी प्रत्यक्षात फारशी किंमत मोजावी लागत नाही, कारण प्रत्येक जातीत सुशिक्षित आणि नोकरदार मुले-मुली मिळून जातातच. जी सवय स्वस्तात पोसता येते, ती केवळ आर्थिक प्रगतीने आपोआप सुटेल, अशी आशा बाळगणे व्यर्थ होय.

मात्र देखाव्याची किंमत भरपूर मोजावी लागते. खूण विश्वासार्ह ठरायची तर ती महाग हवी, हे स्पेन्स यांचे सूत्र येथे आठवावे. दाढीमिशा लावून कोणीही धनाढ्य बाप होऊ शकतो, असे कळल्यावर समाज अधिक महागड्या खुणा मागू लागतो: मोठे कार्यालय, अधिक पंगती, अधिक सोने. शेजाऱ्याने ५०० पाने वाढली, की आपली ३०० पाने गरिबीची साक्ष ठरतात. सर्वांनी खर्च वाढवला, की कोणाचीच प्रतिष्ठा वाढत नाही आणि कर्ज तेवढे सर्वांच्या डोक्यावर राहते. भविष्य निर्वाह निधीतून लग्नकार्यासाठी रक्कम काढण्याची सोय असते. आयुष्यभर पै-पै करून साठवलेली म्हातारपणाची भाकरी किती शिक्षकांनी आणि कारकुनांनी तीन तासांच्या समारंभात वाढून टाकली असेल! चित्रपटातला खोटा व्याही एका मित्रापुरता खोटा होता. या शर्यतीत दोन्ही व्याही थोडे थोडे खोटे होतात आणि दोघांनाही ते ठाऊक असते.

याचा शेवट नेहमीच हसण्यावारी नेण्याजोगा नसतो. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ साली झाला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात हुंडाबळीच्या सहा हजारांहून अधिक प्रकरणांची नोंद झाली. ज्या बापाची ऐपत बोहल्यावर दिसली, त्याच्याकडून पुढेही मागता येईल, असा हिशेब मांडणारी घरे असतात. देखाव्याने जो विश्वास विकत घेतला, त्याचे हप्ते मग मुलीला भरावे लागतात.

अशा वेळी आपले नाट्य-चित्रपट कोणता तोडगा सुचवतात? १८९९ च्या 'संगीत शारदा'त कांचनभट पैशाच्या लोभाने मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. लग्न मोडते ते वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात म्हणून. बापाला मुलगी विकण्याचा अधिकार नाही, हे तत्त्व तिथे निर्णायक ठरत नाही. रूढीच्याच पोथीतले एक कलम मदतीला येते. 'कादलिक्क नेरमिल्लै'च्या मूळ कथेतही हेच घडते. सोंग घेणारा मित्र वास्तविक श्रीमंताघरचाच निघतो आणि मुलीच्या बापाच्या हट्टाला निम्मे समाधान आयतेच लाभते. नियम शाबूत राहतो, फक्त नायकापुरती पळवाट सापडते. विनोदी कलाकृतीकडून क्रांतीची अपेक्षा कोणी करू नये. परंतु ज्या गरीब मुलाला सोंग घेणारा मित्र नाही, ज्या शारदेला सगोत्राचा आधार नाही, त्यांचे काय, हा प्रश्न नाट्यगृहातून बाहेर पडल्यावर प्रेक्षकाने स्वतःला विचारायलाच हवा.

काळ अगदीच पालटला नाही, असे नव्हे. २०१५ साली आलेल्या सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई २' मध्ये मुंबईचे आणि पुण्याचे व्याही एकमेकांसमोर येतात, पण कथेचा पेच मुलीच्या मनातल्या चलबिचलीत आहे. लग्न करावे की नाही, हे ती ठरवणार आणि दोन्ही घरे त्यासाठी थांबणार, एवढी तरी मजल मराठी पडद्याने मारली आहे. तथापि शहरातील 'पॅकेज किती?' आणि 'फ्लॅट कोणाच्या नावावर?' हे प्रश्न फणसवाडीतल्या खोलीच्या प्रश्नाचेच वंशज आहेत. जामीनदार बदलला, जामीन मागण्याची रीत बदललेली नाही.

यावर कोणी म्हणेल, आपली मुलगी परक्या घरी पाठवणाऱ्या बापाने चौकशीच करू नये काय? अवश्य करावी. आक्षेप चौकशीला नाही; चौकशीच्या जागी खुणा पाहण्याला आहे. मुलाचे कर्ज, त्याचे व्यसन, त्याचा आजार, घरातल्या बायकांना मिळणारी वागणूक यांची चौकशी करायला संकोच वाटतो आणि दाराशी मोटार कोणती उभी आहे हे मात्र निरखून पाहिले जाते. 'धुमधडाका'तला बाप फसला, तो चौकशी केली म्हणून नव्हे. त्याने चुकीच्या गोष्टीची चौकशी केली म्हणून फसला.

यावर एक साधा उपाय आपल्याच रिवाजात आहे. लग्न ठरले की, दोन्हीकडचे वडीलधारे बसून याद्या करतात. योगायोग असा की, 'धुमधडाका' ज्या वर्षी आला त्याच १९८५ साली केंद्र सरकारने नियम करून वधूवरांना मिळालेल्या भेटवस्तूंच्या सहीनिशी याद्या ठेवणे आवश्यक केले. ते किती घरांत पाळले जाते, हे वाचकांनी आपल्या नात्यातली लग्ने आठवून ठरवावे. यादी अवश्य व्हावी. मात्र ती देण्याघेण्याची, मानपानाची नसावी. मुलगा आणि मुलगी यांनी स्वतः समोरासमोर बसून आपापले उत्पन्न, कर्ज, घरातल्या जबाबदाऱ्या आणि प्रकृती यांची खरी यादी करावी. व्याह्यांनी ती ऐकावी, आणि लग्नाचा खर्च दोन्ही बाजूंनी निम्मा वाटून घ्यावा. खर्च वाटला गेला की, देखाव्याची हौस आपोआप आवरते, कारण दुसऱ्याच्या खिशातून प्रतिष्ठा विकत घेता येत नाही. महाविद्यालयांत आम्ही मागणी-पुरवठ्याचे वक्र फळ्यावर काढतो. लग्नाच्या वयातल्या विद्यार्थ्यांना हा हिशेब मांडायला शिकवणे हाही अर्थशास्त्राचाच पाठ ठरेल.

ही कथा कधी पुन्हा मराठीत आलीच, तर खोट्या व्याह्याला अवश्य हसावे. मात्र खरा व्याही आपल्याहून वेगळा निघाला, तर त्याला पाटावर मानाने बसवावे. अडल्या दिवशी तोच उपयोगी पडणार आहे.